इतर बाबी समान असतील, तर

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेविषयीचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी जारी झाला. ग्रेगोरियन गान हे रोमन उपासनेचं खास आपलं गान आहे आणि उपासनेत त्याला पहिला मान मिळावा, असं त्याच्या ११६व्या कलमात म्हटलं आहे. मात्र तिथेच एक अट घातलेली आहे: इतर बाबी समान असतील, तर. मूळ लॅटिनमध्ये ही अट अवघ्या दोन शब्दांची. कॅथलिक चर्चमधला गाण्याचा वाद गेली साठ वर्षं याच दोन शब्दांभोवती फिरतो आहे, कारण इतर बाबी समान कधीच नव्हत्या. त्याच दस्तऐवजाने लोकभाषांना दार उघडून दिलं, १९६९मध्ये मिस्सेचा, म्हणजे मुख्य उपासनेचा, नवा विधी आला आणि पाहता पाहता बहुतेक पॅरिशमधून लॅटिन गान उठून गेलं. त्यावर कोणी बंदी घातली नव्हती. गाणारे उरले नाहीत.

हे गान उपासनेत परत आणावं का, आणि आणायचं तर कुठे, किती, कोणत्या भाषेत? एका बाजूचं म्हणणं असं की जे शब्द तोंडाने म्हणायचे ते म्हणणाऱ्याला कळले पाहिजेत. न कळणारी प्रार्थना दुसऱ्यानेच केलेली प्रार्थना असते. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की बारा शतकं ज्या चालींवर माणसं जगली आणि मेली, त्या एका पिढीने सोडून दिल्या तर पुढच्या पिढीला त्या मागताही येणार नाहीत. मला दोन्ही म्हणणी खरी वाटतात. म्हणूनच घाईने एक बाजू घेण्याआधी हे गान आहे तरी कसं, ते पाहायला हवं.

सुरावट एकच असते. ती एकट्याने गायची किंवा सगळ्यांनी मिळून. साथ नाही, ताल नाही, एका वेळी दोन वेगळे स्वर नाहीत. शब्द बहुतांशी बायबलमधल्या स्तोत्रांचे आणि लॅटिनमध्ये ते गद्यच आहेत, त्यामुळे ओळी लहानमोठ्या असतात आणि लय वाक्याच्या श्वासावर चालते. कुठे एका अक्षराला एक स्वर, कुठे दोन-चार, आणि ‘आलेलुया’च्या शेवटच्या अक्षरावर तर स्वरांची लांबलचक लड. चालींची विभागणी आठ ‘मोड’मध्ये केलेली आहे. प्रत्येक मोडला विसाव्याचा एक स्वर असतो आणि पठण ज्यावर रेंगाळतं असा दुसरा एक. राग ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. न्यासाचा स्वर, फिरून फिरून येणारे स्वरसमूह, नुसत्या आरोह-अवरोहात न मावणारं वळण, हे सगळं तो ओळखतो. पण साम्य इथवरच. मागे तानपुरा नाही आणि गायकाला बढतीची मोकळीक नाही. चाल ठरलेली आहे आणि ती शब्दाला बांधलेली आहे.

ही बांधणी कशी असते, ते दोन प्रवेशगीतांवरून दाखवतो. नाताळच्या दिवसाच्या मिस्सेचं प्रवेशगीत ‘पुएर नातुस’. त्यात पहिल्याच शब्दाला आवाज खालच्या स्वरावरून एका झेपेत पाचव्या स्वरावर जातो, आपल्या भाषेत ‘सा’वरून थेट पंचमावर. बाळ जन्माला आल्याची वर्दी तशीच द्यायची असते. आता ईस्टरच्या दिवशीचं प्रवेशगीत घ्या, ‘रेसुररेक्सी’, म्हणजे ‘मी उठलो’. वर्षातला सर्वांत मोठा आनंदाचा दिवस. इथे सूर शिखरावर जाईल असं कोणालाही वाटेल. चाल मात्र चौथ्या मोडमध्ये आहे. या मोडच्या विसाव्याच्या स्वराला लागूनच वर अर्धा स्वर येतो, सा आणि कोमल रे यांच्यात असतो तसा. जवळजवळ सगळा वेळ चाल पाच-सहा स्वरांच्या आत हलकेच ये-जा करते. ना झेप, ना जयघोष. हे शब्द पुत्राने पित्याशी बोललेले आहेत, पहाटे, कोणी जागं नसताना, हे ज्याला माहीत आहे त्याच्या अंगावर त्या दबक्या सुराने काटा येतो. ज्याला माहीत नाही त्याला ती चाल उदास वाटते. शब्द काढून घेतले तर या चालीचा अर्थच फिरतो आणि शब्द ठेवून चाल बदलली तर ती पहाट जाते.

म्हणजे शब्द आधी की सूर, हाच खरा प्रश्न आहे. मराठी रसिकाला तो नवा नाही. नाट्यगीतापासून भावगीतापर्यंत शब्दप्रधान आणि सूरप्रधान हे भांडण आपण आवडीने भांडत आलो आहोत. चर्चमध्ये ते त्याहून फार जुनं आहे. संत ऑगस्टीन सोळाशे वर्षांपूर्वी आपल्या ‘कन्फेशन्स’मध्ये कबूल करतो की गायल्या जाणाऱ्या शब्दांपेक्षा गाण्यानेच आपण हेलावलो, तर ते पाप वाटतं आणि मग गायक ऐकूच नये असं होतं. पुढे त्याला धर्मांतराच्या काळात चर्चमधलं गाणं ऐकून आलेले अश्रू आठवतात आणि तो, काहीशा संकोचाने, गाण्याच्या बाजूला झुकतो. इतका प्रामाणिक साक्षीदार या वादात दुसरा नाही.

त्यानंतरच्या प्रत्येक काळाने या प्रश्नाचं आपलं उत्तर दिलं आहे. नवव्या शतकात सांक्ट गालेनच्या मठातला नोटकर सांगतो की तरुणपणी शब्दांवाचूनच्या लांब चाली त्याच्या लक्षात राहत नसत. मग जुमिएजच्या मठाहून आलेल्या एका धर्मगुरूच्या पुस्तकात त्याला अशा चालींना शब्द जोडलेले दिसले आणि त्याने स्वतः अधिक चांगले शब्द रचले. अशा रचना मध्ययुगात ढिगांनी झाल्या. १५७०च्या मिस्सलमध्ये, म्हणजे मिस्सेच्या ग्रंथात, त्यांतल्या चारच राहिल्या. पुढे १६१४-१५मध्ये रोममध्ये नवं गानपुस्तक निघालं. फेलिचे आनेरियो आणि फ्रान्चेस्को सोरियानो यांच्या संपादनात लॅटिन उच्चाराची शुद्धता सर्वांवर ठरली. आघात नसलेल्या अक्षरांवरच्या लांब लडी छाटल्या गेल्या, स्वर ‘योग्य’ अक्षरांवर हलवले गेले. शब्द जिंकला आणि चालींचे हातपाय तुटले. एकोणिसाव्या शतकात रेगेन्सबुर्गच्या छापखान्यातून हेच रूप पोपच्या मान्यतेने पुन्हा बाहेर पडलं.

त्याला उत्तर आलं ते फ्रान्समधल्या सोलेमच्या मठातून. क्रांतीनंतर ओस पडलेली ही जागा प्रॉस्पेर गेरांजे यांनी १८३३मध्ये पुन्हा वसवली. तिथले मठवासी ग्रंथालयांतून जुनी हस्तलिखितं धुंडाळू लागले. झोझेफ पोतिए यांनी छाटलेल्या चाली पुन्हा जोडल्या. आंद्रे मोकेरो यांनी १८८९पासून हस्तलिखितांच्या छायाप्रती छापायला सुरुवात केली आणि ‘युस्तुस उत पाल्मा’ या एकाच गीताचे दोनशेहून अधिक हस्तलिखितांतले पाठ वाचकांपुढे ठेवले. देश वेगळा, शतक वेगळं, अक्षराचं वळण वेगळं, पण चाल तीच. आता वाद घालायचा तर कागद समोर होता. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पोप दहाव्या पायस यांनी या कामाच्या बाजूने कौल दिला आणि १९०८मध्ये व्हॅटिकनचं नवं गानपुस्तक आलं. साधारण त्याच काळात आपल्याकडे भातखंडे घराण्याघराण्यांतून बंदिशी जमवत होते. दोन्हीकडे ऋण मोठं आहे आणि दोन्हीकडे छापलेल्या पानाने जिवंत गळ्याला बांधून टाकल्याची तक्रारही आहे.

ती तक्रार सोलेमच्या बाबतीत मला बरीचशी रास्त वाटते. चालींचे स्वर त्यांनी परत मिळवले, पण लय कोणती? मोकेरो यांनी सगळे स्वर मुळात समान काळाचे मानले, दोन-दोन आणि तीन-तीनच्या गटांत बांधले, आणि त्यातून ती तरंगणारी, एकसंध, कुठेही न ठेचाळणारी गायकी तयार झाली. झोझेफ गाजार यांच्या नेतृत्वाखाली मठाच्या गायकवृंदाने १९३०मध्ये ध्वनिमुद्रिका केल्या. तेव्हापासून जगाच्या कानात ग्रेगोरियन गान म्हणजे तोच आवाज बसला आहे.

आता सांक्ट गालेनच्या दहाव्या शतकातल्या हस्तलिखिताचं एक पान डोळ्यांपुढे आणा. स्वररेषा नाहीत. लॅटिन शब्दांच्या वर बोरूने काढलेल्या बारीक खुणा: आडवी रेघ, तिरकी काठी, आकडा, एखादी दातेरी वेलांटी. आवाज चढतो की उतरतो एवढं त्या सांगतात. किती ते सांगत नाहीत, कारण गाणाऱ्याला चाल पाठ असणार हे गृहीतच आहे. पण त्या खुणांच्या शेजारी इवलीशी अक्षरंही आहेत. ‘c’ म्हणजे त्वरेने, ‘t’ म्हणजे धरून ठेव. सगळे स्वर सारखेच असते तर ही अक्षरं लिहायला कोणी शाई वाया घालवली असती? सोलेमचेच मठवासी यूजेन कार्दिन यांनी या खुणांचा अर्थ लावण्यात आयुष्य घातलं. त्यांचं पुस्तक १९६८मध्ये आलं. १९७९च्या ‘ग्रादुआले ट्रिप्लेक्स’मध्ये तर छापील चौकोनी स्वरांच्या वर काळ्या शाईत फ्रान्समधल्या लाँच्या हस्तलिखिताच्या आणि खाली लाल शाईत सांक्ट गालेन परंपरेच्या खुणा एकत्र दिल्या आहेत. आपल्याच गुरूंनी घालून दिलेली लय त्याच घरातल्या माणसाने पुराव्याने बदलली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. फ्रान्सचे मार्सेल पेरेस त्याही पुढे गेले. त्यांनी ग्रीक परंपरेतले गायक बरोबर घेतले आणि मींड, कंप, खालचा अखंड स्वर यांसह जुनं रोमन गान गायलं. ऐकताना भूमध्य समुद्राच्या पूर्वेचा किनारा आठवतो. त्यांचं पुष्कळसं अंदाजाने केलेलं आहे आणि मला ते सिद्ध झालेलं वाटत नाही. पण गुळगुळीतपणा म्हणजेच पावित्र्य, ही समजूत त्यांनी मोडली.

नावाचीही हीच कथा. सहाव्या शतकाच्या अखेरचे पोप ग्रेगरी, त्यांच्या खांद्यावर बसून कानात चाली सांगणारं कबूतर, हे चित्र गोड आहे. प्रत्यक्षात हे गान आठव्या-नवव्या शतकात फ्रँक लोकांच्या राज्यात घडलं. फ्रँक राजा पेपिनच्या काळात रोमची पद्धत उत्तरेला आणली गेली, ७८९च्या फर्मानात शार्लमेनने धर्मगुरूंना रोमन गान शिकण्याचा हुकूम दिला आणि रोमन व स्थानिक यांच्या मिसळीतून नवं रूप उभं राहिलं. त्या हुकमाखाली फ्रँक राज्यातल्या जुन्या स्थानिक चाली गेल्या. मिलानचं अँब्रोजियन गान मात्र टिकलं, आजही आहे.

तेव्हा ‘मूळ परंपरा परत आणा’ म्हणणाऱ्यांनी कोणती परंपरा ते सांगायला हवं. १९३०ची, १६१४ची, ९२०ची? असं विचारलं म्हणजे ते गान खोटं ठरतं असं नाही. दोनशे हस्तलिखितं एकमुखाने बोलतात तेव्हा तिथे खरं काही आहेच. पण जे प्रत्येक काळात थोडं नव्याने घडलं, ते आपल्या काळात घडू द्यायचं नाही, हा आग्रह त्या गानाच्या इतिहासाला धरून नाही.

मग लोकभाषेतच का गाऊ नये? इथे दुसऱ्या बाजूलाही विचारायला हवं. लॅटिन चाल लॅटिन वाक्याच्या अंगावर बेतलेली असते. तिच्यात ‘परमेश्वराच्या’ असा मराठी शब्द बसवून पाहा. जिथे मूळ चालीत एखाद्या महत्त्वाच्या शब्दावर दहा-बारा स्वरांचं वळण आहे, तिथे नेमका ‘च्या’ येतो. भक्ताने प्रत्ययावर आलाप घ्यायचा? भाषांतर कळतं, पण गाणं हास्यास्पद होतं. सुटसुटीत पठणाच्या चाली मात्र सहज जमतात. स्तोत्र एका स्वरावर म्हणत जायचं, मध्ये छोटासा वळसा, शेवटी उतार. त्या एका स्वरावर लॅटिनइतकीच मराठीही चालते. म्हणजे उत्तर भाषेगणिक नाही, चालीगणिक बदलतं. दोन्ही बाजूंच्या लिखाणात हे मला फार क्वचित दिसतं.

शिवाय आपल्या बाजूच्या किनाऱ्यावर या प्रश्नाची वेगळी उत्तरं फार पूर्वी दिली गेली आहेत. फादर स्टीफन्सनी लॅटिन पद्याचं मराठीत सोंग आणलं नाही. १६१६मध्ये रायतूरला छापलेल्या क्रिस्तपुराणासाठी त्यांनी ओवी घेतली, सुमारे अकरा हजार ओव्या, आणि गोव्याचे ख्रिस्ती भाविक त्या गात राहिले. भाषेने आपली चाल आपल्याबरोबर आणली. त्याच गोव्यात घरोघरी आणि गावच्या क्रुसापुढे लदीन होते. व्हायोलिनच्या सुरावर मरियामातेच्या एकेका नावाचा लॅटिन पुकारा होतो, त्याला प्रत्येक वेळी तेच उत्तर, आणि नंतर उकडलेले चणे व फेणी. तिच्या चाली ग्रेगोरियन नाहीत, त्यांत एकाहून अधिक आवाज मिळवलेले असतात. पण लॅटिनचं व्याकरण न शिकलेल्या आजीला ती तोंडपाठ असते, आणि तिची प्रार्थना दुसऱ्याने केलेली आहे, असं तिच्या तोंडावर म्हणायला मी धजणार नाही. माहीत असणं आणि भाषांतर करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मात्र याच गोव्यात १६८४मध्ये पोर्तुगीज सत्तेने कोंकणीच्या वापरावर बंदीचा हुकूम काढला. लॅटिन आणि पोर्तुगीज इथे सत्तेच्या हाताला धरून आल्या. त्यामुळे लोकभाषेतली मिस्सा ही युरोपात सोय असेल, आपल्या किनाऱ्यावर ती न्यायाचीही बाब आहे. वसईच्या चर्चमध्ये मराठी मिस्सा चालते, त्यामागे हे सगळं उभं आहे. लॅटिनच्या प्रेमापोटी कोणी ते मागे घ्या म्हणत असेल, तर मी त्याच्या विरोधात आहे.

सूर तेवढा घेऊन शब्द सोडून देण्याचीही एक वाट आहे. १९९४मध्ये स्पेनच्या सांतो दोमिंगो दे सिलोस मठाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा ‘चांट’ हा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेला. लाखो लोकांनी तो ताण हलका करायला लावला. त्यात वाईट काही नाही. त्यातल्या काहींना त्या वाटेने मठाचं दारही सापडलं असेल. पण ईस्टरची पहाट आणि शोकाची रात्र तिथे एकसारखीच शांत वाटते. ऑगस्टीनला ज्याची भीती होती ते हेच.

माझा कौल असा आहे. अवघड गीतं, ज्यांत एका अक्षरावर लांब लडी आहेत, ती लॅटिनमध्येच राहू द्यावीत. ती मठांनी आणि तयारीच्या गायकांनी गावीत, कार्दिन यांनी दाखवलेल्या खुणा वाचून गावीत, आणि बाकीच्यांनी शब्दांचा अर्थ हातात घेऊन ऐकावीत. ऐकणं हाही उपासनेतला सहभागच आहे. पठणाच्या चाली मराठीत, कोंकणीत, ज्या त्या भाषेत खुशाल याव्यात. आणि जिथे भाषेकडे स्वतःचं छंदाचं धन आहे तिथे उसन्या चालींच्या आधी ते वापरावं. याखेरीज चार-पाच सोप्या लॅटिन चाली सगळ्यांच्या तोंडी असाव्यात. वेगवेगळ्या भाषांचे लोक एकत्र जमतात तेव्हा सगळ्यांना मिळून म्हणता येईल असं काही लागतं. ही सूचना माझी नाही. पोप सहाव्या पॉल यांनी १९७४मध्ये ‘युबिलाते देओ’ नावाची अशा सोप्या चालींची पुस्तिका याच हेतूने काढली होती. ती बहुतेक ठिकाणी कपाटात गेली, कारण पुस्तिका पोचवली गेली, शिकवणारा माणूस पोचवला गेला नाही.

मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच. परिषदेच्या कलमावर ग्रंथ लिहिले गेले, पण पॅरिशच्या अंदाजपत्रकात गायन शिकवणाऱ्याला जागा किती, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. अकराव्या शतकात ग्वीदो दारेत्सो याने स्वररेषा आणि उत-रे-मीची युक्ती काढली, ती याच अडचणीतून. गायक दहा दहा वर्षं पाठांतर करूनही कच्चे राहतात, आपल्या पद्धतीने ते एका वर्षात, फार तर दोन वर्षांत तयार होतात, असं त्याने आपल्या मित्राला लिहिलं. त्या सहा अक्षरांसाठी त्याने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं स्तोत्र वापरलं, त्याच योहानाचं, ज्याच्या सणाला २४ जूनला गोव्यात सांजांव म्हणून विहिरींत उड्या मारतात. ती अक्षरं पोर्तुगिजांबरोबर गोव्याच्या पॅरिशच्या शाळांत आली, पिढ्यानपिढ्या मुलांनी ती घोकली, आणि तिथे तयार झालेले वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात गेले. शंकर-जयकिशनच्या वाद्यमेळाची मांडणी करणारे सेबॅस्टियन डिसोझा त्याच परंपरेतले. एका शाळामास्तराला महिन्याचा पगार, आठवड्यातून दोन संध्याकाळी, पंधरा-वीस मुलं आणि एक फळा, एवढ्यावर हे सगळं उभं राहिलं. चार-पाच सोप्या चालींना याहून जास्त काही लागत नाही, आणि ग्वीदोच्याच हिशेबाने त्या एका वर्षाच्या आत येतात.